डॅन फेंगचं देणं

मी ज्यांची देणेकरी आहे, त्यांत एक निवृत्त बेलिफ आहेत. उभी नोकरी ज्यांनी लोकांच्या दारात देणी वसूल करायला पाय झिजवले, त्यांचंच देणं माझ्या अंगावर राहिलंय. हे त्यांना बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "दावा तीन वर्षांत लावावा लागतोय. तेवढी कळ काढ, आपोआप फिटतंय."

तात्या असेच बोलतात. आमच्या घरमालकांना सगळी गल्ली तात्याच म्हणते. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत त्यांचं जुनं दुमजली घर आहे. खाली तात्या आणि काकी, वरच्या दोन खोल्यांत तेव्हा आम्ही तिघी. मी इचलकरंजीची, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात डिस्पॅचला होते. दुसरी गडहिंग्लजची, दवाखान्यात नर्स. तिसरी सांगलीची, सीएची आर्टिकलशिप करणारी. तिघींचे पगार सारखेच तुटपुंजे आणि तिघींच्या फोनवर गेमही एकच.

गेमचं नाव होन्काई: स्टार रेल. शांघायच्या मीहोयो कंपनीनं तो २६ एप्रिल २०२३ ला आणला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम मोबाईल गेमचा मान मिळवला. अ‍ॅस्ट्रल एक्स्प्रेस नावाची आगगाडी अंतराळातून एका जगातून दुसऱ्या जगात जाते आणि आपण तिच्यातले प्रवासी. लढाई पाळीपाळीनं, बुद्धिबळासारखी होते, त्यामुळे बोटं फार चपळ लागत नाहीत. कामावरून थकून आलेल्या बाईला ते बरं पडतं. नवं पात्र मिळवायला मात्र सोडत काढावी लागते. नव्वदाव्या सोडतीपर्यंत एक पंचतारांकित पात्र हमखास निघतं, पण ते हवं तेच निघेल याची हमी नाही. आम्ही तिघींनी एक रुपयाही घातला नाही. तात्यांना हा प्रकार समजावून सांगितला तेव्हा त्यांनी, "म्हंजे मटकाच की," एवढंच म्हटलं. मला आजही त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

गेममध्ये एकही भारतीय भाषा नाही. गडहिंग्लजचीला इंग्रजीचा कंटाळा. म्हणून लांबलचक संवाद मी मोठ्यानं मराठीत सांगायचे, आणि त्या सांगण्यातून भांडणं सुरू व्हायची. भांडणाचा विषय बहुतेक वेळा डॅन हेंग.

डॅन हेंग हा त्या गाडीचा पहारेकरी. हातात भाला, तोंडात चार शब्द. गाडीची सगळी कागदपत्रं, नोंदी, माहिती तोच सांभाळतो आणि निजतोही त्याच दप्तरखान्यात, जमिनीवर अंथरूण टाकून. त्याच्याबरोबरची मार्च सेव्हन्थ दिवसभर बडबडते, फोटो काढते. हा मान हलवतो. सुरुवातीला आमचा वाद साधा होता. हा माणूस शिष्ट आहे की लाजरा? गडहिंग्लजची म्हणायची लाजरा. सांगलीची म्हणायची शिष्ट, आणि वर आतल्या गाठीचा. मी म्हणायचे, ज्याला झोपायला खोली असून दप्तरखान्यात झोपावंसं वाटतं, त्याला कुठलंही घर आपलं वाटत नसणार.

१९ जुलै २०२३ ला गेमची नवी आवृत्ती आली आणि वादाची जातच बदलली. त्या आठवड्यात पावसानं जोर धरला होता, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता, संध्याकाळी बाहेर पडायची सोय नव्हती. आम्ही झियानझोऊ लुओफूची कथा शेवटाला नेली. लुओफू हे जहाज म्हणजे एक अख्खं जगच. तिथल्या लोकांना दीर्घायुष्याचं वरदान आहे, आणि त्याचा शेवट ‘मारा’ नावाच्या वेडात होतो. त्याच जहाजावर विद्याधर राहतात. हो, आपल्या कथासरित्सागरात भेटतात तेच नाव, चिनी वाटेनं फिरून आलेलं. गेममधल्या विद्याधरांना मूल होत नाही. आयुष्य सरलं की ते अंड्यात परततात आणि आठवणी पुसून पुन्हा जन्मतात. त्यांचा एक प्रमुख होता, डॅन फेंग. शिंगं असलेला, पाण्यावर हुकमत चालवणारा. त्याची चार जिवलग माणसं होती: तलवारबाज जिंगल्यू, सेनापती जिंग युआन, लोहार यिंगशिंग आणि हसरी बायहेंग. बायहेंग युद्धात गेली. डॅन फेंग आणि यिंगशिंग या दोघांनी तिला परत आणण्यासाठी निषिद्ध विद्या वापरली. परत आला तो राक्षसी ड्रॅगन. त्याला जिंगल्यूनं मारलं आणि पुढे ती स्वतःच वेडी झाली. यिंगशिंगला मरणच येईना. तोच आता ब्लेड या नावानं फिरतो, मरण शोधत आणि सूड मागत. डॅन फेंगला सक्तीनं पुनर्जन्माची शिक्षा झाली. अंड्यातून जो निघाला त्याला जाग आली तुरुंगात. जन्मापासून बेड्या, मग हद्दपारी. तो डॅन हेंग. त्याला आधीचं काही आठवत नाही, पण ब्लेड त्याच्या मागावर आहे. या भागात ब्लेडशी झटापट होताना डॅन हेंगला शिंगं फुटतात, केस लांब होतात, आणि समोर हुबेहूब डॅन फेंग उभा राहतो.

तेव्हापासून आमच्या वरच्या मजल्यावर रोज रात्री कोर्ट बसू लागलं.

गडहिंग्लजची ठाम होती. "मी सांगतो, हा वेगळा माणूस. आठवण नाही, नाव वेगळं, स्वभाव वेगळा. कसला गुन्हा?" (आमच्याकडच्या मुली ‘मी सांगतो, मी गेलो’ असंच म्हणतात; बाहेरच्यांनी गोंधळू नये.) तिचा पुरावा स्वभावाचा होता. डॅन फेंग मानी, कुणाचं न ऐकणारा, आपल्या शक्तीवर फाजील विश्वास असलेला. डॅन हेंग नोंदी लिहिणारा, दुसऱ्याच्या आधी स्वतः पुढे होऊन वार झेलणारा. मग एकच कसे?

सांगलीची ब्लेडच्या पक्षाची. "ज्याचं अख्खं आयुष्य सडलं त्यानं कुणाकडं बघायचं? तुमचा लाडका आठवण पुसून सुटला. ब्लेडला तीही सवलत नाही." शिवाय तिचं निरीक्षण असं की शिंगं फुटली की डॅन हेंगच्या बोलण्यातही एक हुकमी धार येते. स्वभाव बदललेला नाही, नुसता झाकलेला आहे, हे तिचं म्हणणं. ते मला आजही निम्मं पटतं.

आणि मी? मी सर्वांत कडक होते. माझं म्हणणं असं की आठवण असो नसो, ज्याचं शरीर, ज्याची शक्ती, ज्याचा भाला तू वापरतोस, त्याचं देणंही तुझंच. नाव लावतोस तर निस्तर. हे बोलताना माझा आवाज चढायचा. त्या दोघींना वाटायचं मला डॅन हेंग आवडत नाही. खरं म्हणजे मी त्याच्याचसाठी सोडती साठवून ठेवल्या होत्या.

एका रात्री आवाज इतका चढला की जिन्यावर काठीचा ठोका पडला. दारात तात्या. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. आम्ही आत बोलावलं तर म्हणाले, "सूर्यास्त झाल्यावर बेलिफ घरात शिरत नसतोय. कलम बासष्ट." मग तिथूनच विचारलं, "केस कुणाची चाललीया? जन्मल्या जन्मल्या पोराला तुरुंगात टाकलं म्हंता, कुठल्या कोर्टानं?"

आम्हाला हसू आवरेना. गेम आहे, खोटं आहे, असं सांगितलं. तात्यांनी ते ऐकून घेतलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसकण मारली. "खोटी असूंदे. पक्षकार कोण कोण, ते सांगा."

पुढचे कितीतरी दिवस जेवणं झाली की तात्या त्या पायरीवर येऊन बसत. काकी खालून चहा पाठवत आणि थोड्या वेळानं स्वतःच येत. मी पुन्हा पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. तात्या कोर्टातल्यासारखे मधे मधे अडवायचे. हुकूम कुणाच्या नावानं झाला? शिक्षा भोगून झाली की व्हायची आहे? ब्लेड कोण, फिर्यादी की आरोपी? त्यांचं ते ऐकताना माझ्या लक्षात आलं की महिनाभर आम्ही स्वभावावर भांडत होतो आणि या माणसाला स्वभावात काडीचा रस नाही. गडहिंग्लजचीनं डॅन हेंग किती चांगला आहे हे सांगायला घेतलं की ते हात वर करायचे. "चांगला माणूस बी देणं लागतोय आणि नालायक माणूस बी मोकळा असतोय. स्वभाव बघून जप्ती करत न्हाईत."

मग त्यांनी मुद्दा मांडला तो असा. डॅन हेंग हाच डॅन फेंग असेल तर तो मूळ प्रतिवादी. आठवण गेली म्हणून मूळ प्रतिवादी सुटत नाही. तो वेगळा असेल तर फार तर वारस. आणि वारसाचा हिशेब निराळा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम पन्नास: मेलेल्याच्या मालमत्तेतलं वारसाच्या हाती जेवढं आलं, तेवढ्यापुरतंच तो देणं लागतो. त्याच्या स्वतःच्या कमाईला हात लावता येत नाही.

"पण विद्याधरांना मुलंच होत नाहीत," सांगलीची म्हणाली. "वारस कुठला?"

तात्यांना हे फारच आवडलं. बराच वेळ काठी फिरवत बसले. "म्हंजे ज्याचा त्योच वारस. असली केस आमच्या साहेबांपुढं कधी आली न्हाई."

जुनं शास्त्र मात्र लुओफूच्या बाजूचं होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. कर्ज बुडवणारा पुढल्या जन्मी सावकाराच्या घरी गडी नाहीतर जनावर होऊन राबतो, असं आपल्या स्मृतिकारांनीही लिहून ठेवलंय. त्याच धर्मशास्त्रातून मुलानं बापाचं देणं फेडणं हे त्याचं पवित्र कर्तव्य ठरलं, आणि इंग्रजांच्या कोर्टांनी ते उचललं. अट एवढीच की कर्ज अनैतिक कामासाठी काढलेलं नसावं. बापानं जुगारात, बाईत उडवलेला पैसा मुलाच्या अंगावर टाकता येत नसे. मुंबई इलाख्यात १८६६ सालीच कायदा होऊन वारसाला वैयक्तिक जबाबदारीतून सोडवलं गेलं होतं, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या मुलाच्या हिश्शावर जप्ती येणं चालूच राहिलं. नव्या कर्जांपुरतं ते बंद झालं ९ सप्टेंबर २००५ ला, हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाल्यावर. मुलींना जन्मतः समान हिस्सा देणारी दुरुस्ती म्हणून ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याच एका पोटकलमात, केवळ पवित्र कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू, पणतू यांच्याकडून बापाचं, आज्याचं देणं वसूल करता येणार नाही, असंही आहे. तात्या २००४ ला निवृत्त झाले होते. "माझी नोकरी सरली आणि कायदा बदलला," ते म्हणाले. "नाहीतर काही दारं वाचली असती."

त्या दारांबद्दल ते फार बोलत नाहीत. एकदाच सांगितलं. जप्तीला गेलं की घरातल्या काही वस्तूंना हात लावता येत नाही: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं. हे नियम त्यांना तोंडपाठ. पण लोकांना ते माहीत नसत. बेलिफ दारात दिसला की बाया आधी मंगळसूत्र पदराखाली झाकायच्या. तात्या पहिलं वाक्य नेहमी तेच उच्चारायचे: बाई, त्याला हात लावायचा मला अधिकार नाही. मग पुढचं काम.

डॅन हेंगच्या हाती डॅन फेंगचं काय आलं, याची आम्ही यादी केली. पाण्यावरची हुकमत, शिंगं, आणि भाला. तो भाला यिंगशिंगनंच डॅन फेंगसाठी घडवलेला. म्हणजे ज्या ब्लेडला वसुली हवी त्याच्याच हातचा. सांगलीची खूश झाली: द्या म्हणावं भाला परत! तात्यांनी मान हलवली. "पहारेकऱ्याचा भाला म्हंजे त्याचं हत्यार. जप्त करता येत न्हाई." यावर दोघांची चांगलीच जुंपली. कलमात कारागीर म्हटलंय, पहारेकरी नाही, असं सांगलीचीनं फोनवर शोधून दाखवलं. तात्यांनी चष्मा लावून ते वाचलं, आणि तो मुद्दा राखून ठेवला.

जिंग युआन तात्यांना सर्वांत पसंत. लुओफूवर त्याला झोपाळू सेनापती म्हणतात. खेळणाऱ्यांत त्याच्यावरही वाद आहेच: त्यानं जुन्या मित्राला हद्दपार करून वाचवलं की सोयीनं दूर केलं? तात्यांचं मत साधं होतं. "कारवाई करायची ती केली. दारात उभं राहून शिव्या दिल्या न्हाईत." काकींनी मात्र आमच्यापैकी कुणालाच न सुचलेला प्रश्न विचारला. "त्या बायहेंगला कुणी विचारलं का, तिला परत यायचं होतं का म्हणून?" तिघी गप्प. एवढ्या वादात त्या मेलेल्या बाईचं मत कुणी धरलंच नव्हतं. गेममधल्या त्या दोघा पुरुषांनीही नाही.

एका संध्याकाळी बाकीच्या दोघी ड्यूटीवर होत्या. तात्यांनी विचारलं, "त्या पोरानं देणं द्यायलाच पाहिजे म्हणून तू एवढी पेटून का बोलतीस?"

माझे बाबा खर्चीवाले यंत्रमागधारक होते. भाड्याची शेड, चार जुने माग, व्यापाऱ्याचं सूत आणि मजुरीवर कापड. २०२१ मध्ये कोरोनानं ते गेले. त्याआधी लॉकडाऊनमध्ये माग बंद होते आणि त्यांनी एका सूत व्यापाऱ्याकडून व्याजानं रोख पैसे उचलले होते. माग भंगारात गेले, शेडचं थकलेलं भाडं त्यातून भागलं. मग व्यापाऱ्याच्या दिवाणजींचे फोन आईला येऊ लागले आणि मला नोकरी लागल्यावर मला. आवाज चढवत नसत. बापाचं नाव लावतेस ना, बाळ, एवढंच म्हणत. मी पगारातून दर महिन्याला पाठवत होते. मुद्दल किती, व्याज किती, कुठवर द्यायचं, हे काही विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे बाबांचा अपमान, असं वाटायचं.

तात्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न केला. "बाबांच्या मागं तुझ्या हाती काय आलं?"

एक सायकल आणि एक टेबल फॅन.

"कागद बघितलायस?"

नाही.

पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर एसटीनं इचलकरंजीला आले. कोर्टात घालायचे तसे पांढरे कपडे, खिशात पेन. मी वाटेत घाबरले होते, भांडण होईल म्हणून. भांडण झालंच नाही. पेढीवर गादीवर बसून तात्यांनी चहा घेतला, पावसाची चौकशी केली आणि अगदी नरम आवाजात कागद मागितला. प्रॉमिसरी नोट निघाली. सही बाबांचीच. आकडा मात्र निराळ्या शाईत आणि निराळ्या अक्षरात. तात्यांनी ते बोट ठेवून दाखवलंही नाही. नुसता कागद बराच वेळ उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "पोरीच्या हाती बापाची एक सायकल आणि एक पंखा आलाय. वारसाची जबाबदारी तेवढी. उद्या टेम्पोनं पाठवून देतो, जमा करून घ्या."

कुणी हसलं नाही. व्यापारी म्हणाले, शब्दावर दिलेला पैसा आहे, कायदा कशाला मधे आणता. तात्या म्हणाले, बरोबर आहे, कायदा नको. कायदा आणला तर २०१४ चा सावकारीचा कायदा बी येतोय आणि परवाना बघायला जिल्हा उपनिबंधक बी येतोय. त्यापरीस पोरीनं आजवर भरलेलं आणि तुम्ही दिलेलं, दोन्ही एका कागदावर मांडूया. माझ्या फोनमध्ये सगळ्या रकमांची नोंद होती. बेरीज व्यापाऱ्यांच्या दिवाणजींनीच केली. मुद्दल केव्हाच फिटलं होतं. त्याच कागदाच्या तळाशी ‘येणे बाकी काही नाही’ असं लिहून सही झाली. तात्यांनी तारीख घालून घेतली आणि नोट फाडायला न देता रद्द असा शेरा मारून माझ्याकडे ठेवायला दिली. "फाडलेला कागद कुणाच्याच उपयोगाचा नसतोय," बसमध्ये त्यांनी सांगितलं.

त्याच बसमध्ये मी त्यांना बाबांच्या वहीबद्दल सांगितलं. त्या वहीत शेवटच्या पानावर दोघांची बाकी लिहिलेली होती. एक माग चालवणारे काका, एक कांड्या भरणाऱ्या मावशी. लॉकडाऊनच्या आधीच्या आठवड्यांची मजुरी. त्यांनी कधी फोन केला नाही. आईला बाजारात भेटल्या तर मावशी आमचीच चौकशी करायच्या.

"कायद्यानं लागतीस का ते?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मला द्यायचंय."

ते खिडकीबाहेर बघत होते. हुपरी मागे पडल्यावर म्हणाले, "मग पावती मागू नको."

आयुष्यभर पावतीवाचून कुणाला पैसा दिला नाही असा हा माणूस. त्या दोघांची मजुरी मी पुढच्या काही पगारांतून दिली. काकांनी मोजून घेतली. मावशींनी निम्मी घेतली आणि निम्मी आईच्या हातात परत कोंबली; त्यावरून झालेली ओढाताण वेगळी.

तात्यांचं ऋण मी या गोष्टीसाठी मानते, व्यापाऱ्यापासून झालेल्या सुटकेसाठी नाही. सुटका एखाद्या वकिलानंही केली असती. देणं भीतीपोटी द्यायचं की आपण होऊन, यातला फरक मला त्यांनी न बोलता दाखवला. आणि तो दिसल्यावर डॅन हेंगही मला निराळा दिसू लागला. लुओफूनं त्याला बेड्या घातल्या, हाकलून दिलं. त्यांचं तो काहीएक लागत नव्हता. तरी त्या जहाजावर संकट आलं तेव्हा त्याच नकोशा रूपात उभा राहून त्यानं समुद्र दुभंगला आणि सगळ्यांना वाट करून दिली. मी डॅन फेंग नाही हे म्हणणं त्यानं सोडलं नाही. आपल्याला काय द्यायचंय ते त्यानं स्वतः ठरवलं. महिनाभर आम्ही ज्याला शिष्ट की लाजरा असं विचारत होतो, त्या माणसाचा स्वभाव मला या एका कृतीत कळला. कमी बोलणारा, पण ज्याचा हिशेब स्वतःजवळ पक्का आहे असा.

३० ऑगस्टला डॅन हेंगचं ते शिंगांचं रूप सोडतीत आलं. साठवलेलं सगळं घालून मला ते मिळालं. लढाईत हा गडी संघाचे कौशल्य-गुण एकटा खातो. जोरकस वाराला एका पाळीत तीन-तीन. बाकीच्यांनी त्याच्यासाठी जपून राहायचं. तात्यांना हे दाखवलं तर म्हणाले, "थोरल्याच्या घरात असंच असतंय."

निकाल त्यांनी गणपतीच्या आधी दिला, त्याच पायरीवर, काकींच्या साक्षीनं. एक, डॅन हेंग मूळ प्रतिवादी नाही. ज्याला त्या कृत्याची आठवण नाही आणि ज्याची शिक्षा एकदा भोगून झाली, त्याच्यावर दुसरा हुकूम चालत नाही. दोन, वारस म्हणून जे हाती आलं त्याचा त्यानं समुद्रावर हिशेब दिलेला आहे. तीन, बायहेंगचं म्हणणं नोंदवलेलं नाही ही प्रकरणातली मोठी उणीव, हे काकींच्या आग्रहास्तव. आणि चार, ब्लेड. "त्यो त्या कामात सामील होता का न्हवता?" होता. "मग एका आरोपीला दुसऱ्या आरोपीच्या वारसाकडनं वसुली मागता येत न्हाई. दावा फेटाळला."

सांगलीची उठून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं तात्यांच्या हातात वहीचं पान ठेवलं: ब्लेड पैसे मागत नाही, मरण मागतो, ती वसुली नव्हे, तेव्हा निकाल पुन्हा तपासावा. तात्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून जुन्या डायरीत ठेवलं. आता ती पुण्याला असते, गडहिंग्लजची लग्न होऊन बेळगावला गेली, आणि मी त्याच दोन खोल्यांत आहे. सांगलीची दिवाळीला येते तेव्हा तात्यांना आधी तेच विचारते. अपील दाखल करून घेतलंय, तारीख पडलेली नाही, असं तात्या सांगतात.